हाड जुळले, दुखणे उरले

न्यूयॉर्कच्या हिब्ज व आल्बी या शल्यवैद्यांनी १९११ साली मणके सांधण्याची शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून या विद्येने मोठी मजल मारली, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मणके सांधले म्हणजे दुखणे संपले, हा समज आम्हांस मुळीच मान्य नाही. हाड नीट जुळूनही कित्येकांची पाठ वर्षानुवर्षे ठणकत राहते. अशा रुग्णास 'दुखणे तुमच्या मनात आहे' असे सांगणे हे निव्वळ अज्ञान होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगसूचीत शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस स्वतंत्र स्थान आहे.

आता उपदेशाचा मासला पाहा. 'वाकू नका, ओझे उचलू नका!' मुरबाडच्या खाचरांत भाताची लावणी न वाकता कशी व्हावी? १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आणि भातसा ही दोन्ही शहापूर तालुक्यात असून मुंबईची तहान भागवितात. त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे वाहतात. ज्यांच्या घरी ते पाणी नळाने येते, त्यांनी तरी पथ्य मोडल्याचा दोष या बायांस देऊ नये.

अशा वेदनेस उतार पडावयाचा तो बेताबेताने वाढविलेल्या व्यायामाने आणि घरच्यांनी कामे वाटून घेतल्याने. तो व्यायाम शिकविणारा भौतिकोपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयातच भेटला पाहिजे. त्यासाठी दुखऱ्या पाठीने एसटीचे धक्के खात ठाणे गाठावयास लावणे, याला उपचार कोण म्हणेल?