विश्लेषण: 'आलापल्ली' की 'अल्लापल्ली'? वेबसाइटवर असलेली माहिती शोधून का सापडत नाही?

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातलं आलापल्ली सागवानासाठी प्रसिद्ध आहे. पण हे नाव लिहायचं कसं? कुठे 'आलापल्ली', कुठे 'अल्लापल्ली', तर कुठे 'आल्लापल्ली'. 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालेलं इथलं जंगल 'ग्लोरी ऑफ अल्लापल्ली' या नावाने ओळखलं जातं.

वाचणाऱ्याला यातून काही फरक पडत नाही. कॉम्प्युटरसाठी मात्र ही तीन वेगळी गावं आहेत. बांबू किंवा तेंदूपानावरच्या हक्काची कागदपत्रं शोधणाऱ्या ग्रामसभेला स्क्रीनवर 'माहिती आढळली नाही' असं दिसलं, तर कागदच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात कागद असतो, फक्त शोध तिथपर्यंत पोहोचलेला नसतो.

साधा शोध कसा चालतो?

वेबसाइटची माहिती डेटाबेसमध्ये तक्त्यांच्या रूपात असते. साध्या शोधात 'लाइक' ही आज्ञा वापरली जाते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नोंद तपासते आणि टाइप केलेली अक्षरं त्याच क्रमाने कुठे आहेत ते पाहते. काही शे नोंदी असतील तर हे चालून जातं. लाखो नोंदी झाल्या की वेबसाइट रखडते.

फुल-टेक्स्ट सर्च म्हणजे काय?

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. शब्द पाहायचा आणि थेट त्या पानावर जायचं. फुल-टेक्स्ट सर्च हेच करतं. मजकुरातल्या शब्दांची सूची आधीच तयार ठेवली जाते आणि कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे ते त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे उत्तर लगेच मिळतं आणि जास्त जुळणाऱ्या नोंदी वर दाखवता येतात. पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत डेटाबेसमध्ये ही सोय 2008 पासून मूळ रचनेतच आहे.

मग मराठीत अडतं कुठे?

हिंदीत 'आलापल्ली में' असे दोन शब्द होतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो: आलापल्लीत, आलापल्लीला, आलापल्लीच्या. सूचीत हे सगळे वेगळे शब्द ठरतात. त्यात सामान्यरूपाची भर पडते आणि 'रस्ता'चं 'रस्त्याचा' होतं. म्हणून शब्द मूळ रूपात आणणारे नियम लागतात. पोस्टग्रेएसक्यूएलसोबत हिंदी, तमिळ आणि नेपाळीसाठी असे नियम येतात, मराठीसाठी येत नाहीत. त्यामुळे ही सोय नुसती सुरू केली, तर 'आलापल्ली' टाइप केल्यावर 'आलापल्लीत' असलेली नोंद सुटू शकते. साध्या शोधात ती निदान सापडली असती.

उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे गावांच्या सर्व रूपांची यादी करून ती एकाच नावाला जोडणं. दुसरा म्हणजे शब्दाचे तीन-तीन अक्षरचिन्हांचे तुकडे करून साम्य मोजणं. 'आलापल्ली' आणि 'अल्लापल्ली' यांचे बरेच तुकडे जुळतात, म्हणून एक शोधल्यावर दुसरंही सुचवता येतं. तिसरा उपाय मजकुराशी संबंधित आहे. स्कॅन केलेली पानं म्हणजे नुसती चित्रं असतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कॉम्प्युटरला निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कोणतंही सर्च कामाचं नाही.

प्रश्न फक्त तंत्राचा आहे का?

नाही. काय शोधता येईल, हा धोरणाचाही निर्णय असतो. मध्य प्रदेशच्या मतदार याद्या शोधता येतील अशा स्वरूपात द्याव्यात, अशी मागणी काँग्रेस नेते कमलनाथ यांनी केली होती. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. मतदारांची खासगी माहिती सहज गोळा होईल, हा त्यामागचा एक मुद्दा होता. शासन निर्णयांना मात्र हा मुद्दा लागू होत नाही, कारण ते लोकांनी वाचावेत म्हणूनच प्रसिद्ध होतात.

तोपर्यंत शोधणाऱ्यांनी एक करावं: नाव एकाच पद्धतीने लिहून थांबू नये. 'पल्ली'सारखा छोटा तुकडा, तालुक्याचं नाव किंवा तारीख टाकून पाहावं. 'आढळले नाही' याचा अर्थ 'अस्तित्वात नाही' असा होत नाही.