विश्लेषण : सामोआने घड्याळ पुढे-मागे करणं का थांबवलं?

प्रशांत महासागरातल्या सामोआ या छोट्या देशात २९ डिसेंबर २०११ च्या रात्री बारा वाजले आणि थेट ३१ डिसेंबर सुरू झाला. शुक्रवार, ३० डिसेंबर तिथे आलाच नाही. ही गोष्ट तुम्ही सोशल मीडियावर वाचली असेल आणि ती खरी आहे. पण सामोआने घड्याळाचा आणखी एक प्रयोग केला होता. तो मात्र फसला.

दिवस का वगळला?

तोपर्यंत सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला होता. अमेरिकी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी १८९२ मध्ये तसं ठरलं होतं आणि त्या वर्षी ४ जुलै हा दिवस दोनदा मोजला गेला होता. पुढे मुख्य व्यवहार न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी होऊ लागला. सामोआत शुक्रवार असताना तिकडे शनिवारची सुट्टी आणि तिकडे सोमवारचं काम सुरू झालं की सामोआत रविवार. म्हणजे आठवड्यात कामाचे चारच दिवस जुळत. पंतप्रधान तुइलाएपा साइलेले यांच्या सरकारने तारीखच बदलून टाकली. न आलेल्या शुक्रवारचा पगार कामगारांना मिळाला.

मग डेलाइट सेव्हिंग टाइम कशासाठी?

त्याच सरकारने २०१० पासून उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे न्यायला सुरुवात केली होती. कामावरून सुटल्यावर लोकांना शेतमळ्यात राबायला उजेड मिळेल आणि इंधन वाचेल, असा त्यामागचा विचार होता.

अडचण भूगोलाची होती. लंडनमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जवळपास नऊ तासांचा फरक असतो. सामोआ विषुववृत्तापासून जेमतेम १४ अंशांवर आहे. तिथे हा फरक दीड तासाच्या आसपास. उन्हाळ्यातला जादा उजेडच थोडा, तर वाचवायचा काय? घड्याळ पुढे नेलं की संध्याकाळी मिळालेला तास सकाळी गमवावा लागतो. शाळेत किंवा कामावर जायला पहाटे उठणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

२०२१ मध्ये सत्तांतर झालं. फियामे नाओमी माताआफा यांच्या सरकारने त्याच वर्षी ही पद्धत बंद केली.

आता काय स्थिती आहे?

तारीखबदल टिकला, कारण त्याचा व्यापाराला थेट उपयोग होता. त्याचीही किंमत आहेच. अमेरिकेच्या ताब्यातला अमेरिकन सामोआ साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. भाषा एक आणि अनेक कुटुंबं दोन्हीकडे विभागलेली. दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ असते, पण तारखेत पूर्ण एका दिवसाचा फरक. इथला रविवार म्हणजे तिथला शनिवार. सामोआतून आज निघालेलं विमान तिथे ‘काल’ उतरतं.

सूर्य दोन्ही बेटांवर जवळपास एकाच वेळी उगवतो. वार कोणता म्हणायचा, हे मात्र व्यापार कोणाशी आहे त्यावर ठरलं.

भारतातून सामोआत फोन करायचा असेल, तर हिशोब आता सोपा आहे. आपल्याकडे दुपारचे १२ वाजले की तिथे संध्याकाळचे साडेसात, तेही वर्षभर.