ओट्याचा दगड पारखून घ्या

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रा-जिगणी पट्ट्यात ग्रॅनाइट कापून झिलई देणारे कारखाने आहेत. तिथल्या गृहिणीने स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी हातभर नमुन्यावर विसंबू नये. अख्खी लादी पाहूनच पसंत करावी.

लादी ओली करून तिरप्या उजेडात पाहिली की बारीक भेग दिसते. तुकड्यावर लिंबाचा रस अर्धा तास ठेवावा. चमक गेली तर तो ग्रॅनाइट नव्हे. संगमरवर आणि कडाप्पा आंबटापुढे टिकत नाहीत. काळा दगड नेलपॉलिश रिमूव्हरने पुसावा. कापडाला काळे लागले, तर समजावे की दगड रंगवलेला आहे.

20 मिलिमीटर जाडीची लादी दर चौरस फुटाला सुमारे 5 किलो भरते. म्हणून खालचा आधार भक्कम व सपाट हवा. सिंकपुढच्या अरुंद पट्टीखाली तर हवाच. पुढच्या कडेखाली खाच पाडली, की पाणी कपाटात ओघळत नाही.

सिंकचे भोक मात्र कारखान्यातच, पाणी सोडून कापून घ्यावे. घरात सुके कापल्यास सिलिकाची धूळ उडते. कारागिराला त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी कुणाची फुप्फुसे पणाला लावू नयेत!