जुने औषध, पोरके औषध

मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर उलटतात. दृष्टी मंदावते, पाय लुळे पडतात, आणि कमावत्या माणसाचे घर परावलंबी होते.

या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात प्रतिपिंडे वाढलेली असतात, हे 1940च्या दशकातच ठाऊक झाले होते. तरीही दीर्घकाळ सारा दोष टी पेशींच्या माथी मारला गेला. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशी ज्यांपासून घडतात, त्या बी पेशींकडे लक्ष वेधले ते 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, 104 रुग्णांवरील रिटुक्सिमॅबच्या चाचणीने. गंमत अशी, की हे औषध बी पेशी नष्ट करते, प्लाझ्मा पेशींना मात्र सहसा हात लावीत नाही. प्रतिपिंडे राहतात, पण रोगाचे झटके कमी होतात! बी पेशी टी पेशींना चिथावणीही देतात, असा याचा अर्थ लावला जातो.

पुढचा भाग अर्थशास्त्राचा आहे. रिटुक्सिमॅब मूळचे कर्करोगावरचे, जुने औषध. रोश समूहाने या रोगासाठी त्याच पेशींवर चालणारे नवे ऑक्रेलिझुमॅब पुढे आणले. 2017 साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. जुन्या औषधासाठी चाचण्यांचा खर्च कोणती कंपनी करील? स्वीडनच्या डॉक्टरांनी मात्र औपचारिक मान्यतेवाचून तेच सर्रास वापरले, आणि 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगासाठी त्यास आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने तर त्याची देशी आवृत्ती 2007 सालीच बाजारात आणली होती.

धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावासही 2018 पासून आहे. निदानासाठी मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाकडे जावे लागले, तर ते समजण्याजोगे आहे. परंतु साधारण सहा महिन्यांनी शिरेवाटे द्यावयाच्या औषधासाठी चोपड्याच्या वा शिरपूरच्या रुग्णाने दर वेळी तीच वाट का धरावी? सोबत्याची बुडालेली मजुरी, गाडीभाडे, मुक्काम हे औषधाच्या वेष्टनावर छापलेले नसते. आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी, नंतर जंतुसंसर्गावर नजर ही दक्षता हवीच. ती जिल्ह्याच्या ठिकाणी अशक्य नाही.

2016च्या कायद्याने हा विकार दिव्यांगत्वाच्या यादीत घेतला आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या शासनाने, ते घेण्याची पाळी लांबावी म्हणून, तज्ज्ञाच्या सल्ल्याने हे औषध दोन्ही महाविद्यालयांतून विनामूल्य द्यावे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी.