कात्री कुणावर चालली?

चीनमधलं घराणं बुडालं की आपण म्हणतो, राजाच ऐतखाऊ असणार. पण मिंगांचा शेवटचा सम्राट चोंगझेन कष्टाळू होता, काटकसरीही. तिजोरीत खडखडाट, ईशान्येला मांचूंशी लढाई, शान्शी प्रांतात दुष्काळ. मग कपात कशात केली? तर सरकारी टपाल चौक्यांत! निरोप पोचवणारे, घोडे सांभाळणारे घरी बसले. त्यातलाच एक ली झिचेंग. पुढे तोच बंडखोरांचा म्होरक्या झाला आणि एप्रिल १६४४ मध्ये थेट बीजिंगमध्ये घुसला.

त्याआधी सम्राटाने फौजेच्या पगारासाठी बड्या मंडळींपुढे हात पसरले होते. बहुतेकांनी गरिबीचं सोंग आणलं. खुद्द सासऱ्यानेही हात आखडता घेतला, आता बोला! शहर पडल्यावर लीच्या माणसांनी याच मंडळींना चोपून ढीगभर चांदी बाहेर काढली.

म्हणजे पैसा होता हो! दुष्काळाला दोष द्या, मांचूंना द्या, पण कात्री चालली ती चौकीतल्या हमालावर, वाड्यांवर नाही. २७६ वर्षांचं राज्य गेलं. चांदी निघाली तेव्हा चोंगझेनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतलेला होता.