डोंगराची डागडुजी

पावसाळ्यापूर्वीं घर शाकारण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ज्याचें छप्पर गळतें, तो मृग नक्षत्राची वाट पाहत बसत नाहीं. वैशाखांतच कौलें चाळून घेतो. परंतु ज्या डोंगराच्या आश्रयास तें घर उभें आहे, त्याची डागडुजी कोणीं करावी व तिचा पैसा कोणीं द्यावा, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आमचें लवळे डोंगराच्या कुशींत आहे. उतारावर रस्ते, घरें व मोठमोठीं विद्यालयें झालीं आहेत. म्हणून हा प्रश्न आम्हांस परका नव्हे.

आपल्याच पुणें जिल्ह्यांत, आंबेगांव तालुक्यांत, ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं डोंगर खचून माळीण गांव चिखलाखालीं गाडलें गेलें. सुमारें १५० माणसें मृत्युमुखीं पडलीं. नेहमींची एस. टी. घेऊन आलेल्या चालकास गांवच दिसेना, तेव्हां ही वार्ता बाहेर कळली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इरशाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. २७ प्रेतें हातीं लागलीं, ५७ माणसें सांपडलींच नाहींत. ही वाडी धोक्याच्या गांवांच्या यादींतही नव्हती. पुढें जुलै २०२४ मध्यें आमच्या मुळशी तालुक्यांत लवासा येथें बंगल्यांवर दरड कोसळली.

असें कां होतें? सह्याद्रीचा काळा पाषाण खालीं घट्ट असतो, पण त्यावर मुरूम व माती यांचा थर असतो. पाणी मुरून तो थर जड होतो, त्याची पकड सुटते व तो खडकावरून घसरतो. त्यांतच रस्त्यासाठीं वा घरासाठीं उताराचा पायथा कापला कीं वरच्या मातीचा आधार जातो. यावरचे उपायही साधे आहेत: पाणी वळविणारे चर, स्वच्छ गटारें व मोऱ्या, पाणी निघून जाण्यास भोकें ठेविलेल्या भिंती, आणि वाळा, बांबू अशा माती धरून ठेवणाऱ्या वनस्पती.

मग अडतें कोठें? पैशांत, व त्याहून अधिक आपल्या मनांत. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं राज्यांच्या आपत्तिनिधीची वांटणी केली, तींत १०० रुपयांपैकीं ८० रुपये मुख्यतः मदत व पुनर्बांधणी यांस, आणि २० रुपये संकट टाळण्याच्या कामास ठेविले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचीच ही रीत. कोसळलेल्या डोंगरापाशीं पुढारी येतात. न कोसळलेल्या डोंगराबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं.

कोणी म्हणतील, लहानशा ग्रामपंचायतीनें पाण्याची सोय करावी कीं डोंगर सांभाळावा? ही अडचण खरी आहे. परंतु मोठ्या भिंतींचा भार सरकारनें उचलावा, आणि ज्यानें स्वतःच्या लाभासाठीं डोंगर कापला, त्यानें त्या कापाची निगा स्वखर्चानें राखावी. गांवाकडे चर व गटारें राहतील. त्यांस द्रव्यापेक्षां नियमितपणा अधिक लागतो. हांगकांग येथें १९७२ व १९७६ सालीं दरडींनीं पुष्कळ बळी घेतल्यावर १९७७ मध्यें स्वतंत्र खातें निघालें. तेथें मनुष्यानें कापलेल्या मोठ्या उतारांस नोंदणी-क्रमांक असून प्रत्येकाची निगा कोणाकडे, हें ठरलेलें असतें. आम्हांस निदान आमच्या गांवच्या उतारांची अशी वही ठेवितां येणार नाहीं काय?

माळीणची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २ एप्रिल २०१७ रोजीं तेथील लोकांस नव्या वस्तींत घरें मिळालीं. पण त्याच वर्षींच्या पावसांत तेथील रस्ते खचले. एकदां खर्च केला म्हणजे संपलें, असें डोंगराच्या बाबतींत नसतें. ती दरसालची शाकारणी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, जमिनीस नवी भेग पडली, झाड वा खांब कलला, झऱ्यास एकाएकीं गढूळ पाणी आलें, तर तें घरीं अवश्य सांगा. आणि सुज्ञ पालकहो, ग्रामसभेंत जमाखर्च वाचला जाईल तेव्हां उताराच्या निगेसाठीं किती रक्कम ठेविली, एवढें एकच विचारा. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत शाळेंत आपण अनेकदां ऐकला आहे. परंतु पाया खडकावर असूनही वरचा उतार ढिला असेल, तर एकट्याचें शहाणपण पुरें पडत नाहीं. तेथें सगळ्या गांवाचें शहाणपण लागतें.