यादीत नाव नव्हते, पण हाती कार्ड आले



आमच्या थोरल्या भावाचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते. दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात त्याचा आवाज फार पडलेला होता. "काका, पोराला शाळेच्या बेसबॉल संघात घेतले नाही. दारावर यादी लावली, त्यात नाव नाही. का घेतले नाही, तेही कोणी सांगितले नाही." नातू तेव्हा नववीत. दोन दिवस नीट जेवला नाही, असे सूनबाईंनी सांगितले.

आम्हांला त्या यादीपेक्षा 'का' न सांगण्याचा राग आला. मुलगा कमी पडला तर पडला. पण कशात कमी पडला हे कळल्याशिवाय त्याने उद्या सकाळी उठून करायचे तरी काय?

पुढच्या वर्षी त्या शाळेत नवे प्रशिक्षक आले. त्यांनी संघातल्या आणि संघाबाहेर राहिलेल्या, अशा सगळ्याच मुलांना मैदानावर बोलावले आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिले. कार्डावर आकडे. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचे आणि जुन्या आकड्याखाली नवा लिहायचा. आमचा नातू त्या कार्डाने बदलला, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. क्रिकेटमध्ये खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा ६० फूट ६ इंचांवर उभा असतो आणि टप्पा न पाडता चेंडू टाकतो. फलंदाजाने मारल्यावर चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या तळांना शिवत पळायचे. दोन तळांमधले अंतर ९० फूट. फलंदाजामागे बसणाऱ्याला दुसऱ्या तळावर चेंडू फेकायचा तर सुमारे १२७ फूट फेकावा लागतो. म्हणजे या खेळात धावणे आणि फेकणे यांचा हिशेब सेकंदाच्या दहाव्या भागात होतो, आणि म्हणून तो घड्याळावर मोजता येतो.

कार्डावर पहिली नोंद ६० यार्ड धावण्याची. आपल्या मापाने हे अंतर ५५ मीटरला थोडे कमी. सात सेकंदांच्या आत धावणाऱ्या मुलाकडे कॉलेजवाले वळून पाहतात. दुसरी नोंद फेकीच्या वेगाची. तिसरी बॅटवरून सुटलेल्या चेंडूच्या वेगाची. मागे बसणाऱ्या मुलासाठी आणखी एक: चेंडू त्याच्या हातमोज्यात आल्यापासून दुसऱ्या तळावरच्या गड्याच्या हातमोज्यात जाईपर्यंतचा वेळ. मोठ्या व्यावसायिक खेळाडूंना यासाठी जेमतेम दोन सेकंद लागतात. वेग मोजण्याचे यंत्र या खेळात आले ते पोलिसांकडून. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी १९७४ च्या सुमारास गाड्यांचा वेग पकडणारे रडार पाहिले आणि ते चेंडूवर रोखून पाहिले!

नातवाची पहिली धाव ८.१ सेकंदांची होती. आकडा वाईटच. पण प्रशिक्षकांनी त्याला "तू हळू आहेस" असे म्हटले नाही. "तू पहिल्याच पावलाला ताठ उभा राहतोस, तिथे वेळ जातो," असे सांगितले आणि आडवे उभे राहून पहिले पाऊल कसे टाकायचे ते दाखवले. "चांगला खेळ कर" हे ऐकून मुलाच्या हाती काही लागत नाही. ८.१ चे ८ करायचे, हे मात्र त्याला कळते. पोरगा संध्याकाळी घरामागच्या रस्त्यावर पहिली तीन पावले घोटत बसला. आई घड्याळ घेऊन उभी!

आपल्याकडे पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींना हे वेगळे सांगायला नको. पहाटे मैदानावर १०० मीटरची वेळ मोजणारा सोबती ज्याला मिळाला, त्याला आपण कुठे आहोत हे रोज कळते.

मोजणे प्रामाणिक मात्र हवे. हातातल्या घड्याळात दहाव्या भागाचा फरक सहज पडतो. म्हणून माणूस तोच, जागा तीच, दोनदा पळवायचे आणि चांगली वेळ लिहायची, असा त्या प्रशिक्षकांचा नियम आहे.

आता पैशाची गोष्ट. अमेरिकेत मुलांची अशी मोजणी करून ती कॉलेजांपुढे मांडणारे खाजगी मेळावे भरतात. त्यांची फी शेकडो डॉलर, प्रवास आणि मुक्काम वेगळा. पुतण्याला ते झेपत नाही आणि त्याच्यासारख्या पुष्कळांना झेपत नाही. शाळेतला शिक्षक घड्याळ हाती घेऊन उभा राहतो, तेव्हा तेच काम फुकटात होते. आमच्या मते त्या कार्डाची खरी किंमत यात आहे.

घड्याळ रंग पाहत नाही हे खरे. पण घड्याळासमोर कोणाला उभे करायचे हे माणसेच ठरवतात. याच खेळात काळ्या खेळाडूंना कित्येक दशके मोठ्या संघांची दारे बंद होती. जॉश गिब्सन हा त्यांच्यातला थोर फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. काळ्यांच्या वेगळ्या संघांचे आकडे अधिकृत नोंदीत धरायला २०२४ साल उजाडले. ते धरताच गिब्सनची .३७२ ही फलंदाजीची सरासरी साऱ्या इतिहासात पहिली ठरली. त्याच्या मृत्यूनंतर ७७ वर्षांनी!

उलट बाजूही आहे. २००८ साली आपल्या देशात चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे तरुण, बेसबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता. रिंकूने ताशी ८७ मैलांचा, म्हणजे १४० किलोमीटरचा चेंडू टाकला आणि त्याच वर्षी दोघांना पिट्सबर्गच्या संघाने करारबद्ध केले. गरीब घरच्या मुलांसाठी एका आकड्याने समुद्रापारचे दार उघडले. पण आत गेल्यावर खेळ शिकावा लागतो आणि तो वर्षानुवर्षांचा असतो. सर्वोच्च पातळीच्या सामन्यापर्यंत दोघेही पोहोचू शकले नाहीत.

आणि एक धोका आई-बापांनी नीट ऐकावा. आकडा वाढवण्याच्या हट्टापायी मुले हात मोडून घेतात. कोपरातला स्नायुबंध तुटला की दुसरीकडचा काढून तिथे बसवतात. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या खेळाडूवर प्रथम केली. आज ती शाळकरी पोरांवर करावी लागते. म्हणून १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, अशी शिफारस तिकडच्या क्रीडा संस्थांनी केली आहे. २०१७ च्या हंगामापासून शालेय सामन्यांतही चेंडू मोजून मर्यादा पाळावी लागते. वेग मोजायचा तर विश्रांतीही मोजलीच पाहिजे.

आमचे एका गोष्टीत त्या प्रशिक्षकांशी जमले नाही. ते सगळ्यांचे आकडे भिंतीवर लावत. शेवटून दुसरे नाव आपल्या पोराचे असले की कसे वाटते, ते आम्ही पुतण्याच्या आवाजात ऐकले. आम्ही फोनवर तसे बोललो. पुतण्याने भीत भीत त्यांना विचारले आणि ते मनापासून ऐकले गेले. भिंतीवरचा कागद उतरला. कार्ड मुलाजवळच राहते. तुलना त्याची त्याच्याशीच.

यंदाच्या मार्चमध्ये पुन्हा यादी लागली. फोन नातवानेच केला, त्याच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत.

"आजोबा, सात पॉइंट पाच!"

"अरे वा! आणि यादीत नाव?"

"आहे. दुसऱ्या टीममध्ये. पण आजोबा, थ्रो अजून एकसष्टच आहे."